लेबल लावलेला तांदूळ

चिखली, बुधवार

तीर्थस्वरूप जानराव मामांस, अर्पिताचा नमस्कार. मामींची कंबर आणि जानेफळच्या दुकानाचं शटर, दोन्ही आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे. इकडे झालं ते असं:

१. तीस किलो तांदळाचं पोतं आणलं.
२. सहा जणींत वाटलं.
३. परत पोत्यात ओतलं.
४. पोतं आमच्या घरी आहे.
५. आई सोमवारपासून घरी आहे.

आता सविस्तर. इथला दुकानदार पाच किलोचं छापील पाकीट देतो. दोनशे पन्नासवर साडेबारा रुपये जीएसटी. कोणत्या पोत्यावर टॅक्स नसतो, असं आईने विचारलं. मी नियम वाचून सांगितलं, पंचवीस किलोच्या वरच्या. (म्हणजे एकदम तीस किलो घेण्याची ऐपत असेल त्याला टॅक्स नाही, मजुरी हातात आल्यावर पाच किलो घेणाऱ्याला आहे. नियम मी केलेला नाही.) आई धरून निंदणाच्या टोळीतल्या सहा जणींनी मिळून पोतं घेतलं. पंचाहत्तर रुपये टॅक्स वाचला. ऑटोला ऐंशी लागले.

वाटप माझ्याकडे आलं. लॅबमध्ये मी बिननावाची बाटली टेबलावर ठेवत नाही, म्हणून सहाही पिशव्यांवर नाव, वजन, तारीख अशी चिठ्ठी चिकटवली. टोळी चालवणाऱ्या झुंबरबाईंनी ती पाहिली. पाकिटावर लेबल असलं की टॅक्स, हे त्यांना दुकानदाराने सांगितलेलं होतं. टॅक्स विकणाऱ्याच्या पाकिटावर असतो, घरच्या पिशवीवर नाही, असं मी म्हटलं.

"तू रक्त तपास माय. तांदूळ आम्हाले समजते," त्या म्हणाल्या, आणि सहाही पिशव्या पोत्यात रिकाम्या केल्या. पोतं पुन्हा तीस किलोचं, टॅक्स गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा जणी आमच्या घरी जमतात. एक वाटीने घेते, पाच बघतात, मी वहीत लिहिते. रविवारी मी पोतं तोललं, तर वहीतल्या हिशोबापेक्षा दीडशे ग्रॅम कमी भरलं. "पोतं ज्याच्या घरी, घट त्याच्या पोटात," झुंबरबाई भिंतीकडे पाहून म्हणाल्या. सोमवारी टोळीला शेतावर नेणारी जीप आमच्या गल्लीत थांबली नाही. आई दिवसभर पोत्याशेजारी बसून खुरप्याला धार लावते. (खुरपं आता दाढीला चालेल.)

आपली भाची,
अर्पिता

ता.क. रविवारी आपण माल घ्यायला चिखलीत येता, तेव्हा दुकानातला थोडा सुटा तांदूळ आणावा आणि सुट्या तांदळावर टॅक्स नसतो, मग एक किलो घ्या की दहा, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं.

ता.क. २. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आईने पोत्याचं विचारलं, मी पोत्याचं सांगितलं. माझं नाव घेऊ नये.

ता.क. ३. दीडशे ग्रॅम काल सापडले. रिकाम्या पोत्याचं वजन मी दोनदा वजा केलं होतं. हे मात्र झुंबरबाईंना मीच सांगणार आहे. आपण फक्त शेजारी उभं राहावं. येणार की नाही, ते शनिवारपर्यंत कळवावं.