बोट वर झाल्यावर

प्रिय दादा,

तुला वाळीत टाकणारे धर्मगुरू आज आपल्या घरी आले होते. मागून मंत्री, गुरूंच्या चपला हातात घेऊन. गुरूंनी बोट वर केलं की विषय संपला, सगळ्यांनी खाली बसायचं, हे तुला ठाऊकच आहे.

आईनं विचारलं, "माझ्या लेकाला घरी कधी बोलावू?"

बोट वर झालं. बाबा बसले, मंत्री चपलांसकट बसले. आई उभीच.

"हात दुखेल तुमचा," ती शांतपणे म्हणाली. "उत्तर द्या."

ते बोट हरून खाली येताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"बोलवा," ते पुटपुटले.

आई तुला उद्या फोन करील. हे पत्र मात्र मी पाठवणार नाही. बोट वर होताच सगळ्यांत आधी मीच बसले होते रे.

तुझीच,
धाकटी