मधल्या दाराची कडी

॥ श्री ॥

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१७ एप्रिल १९४९

ती. दादास,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तू रागावणार हे धरूनच लिहायला बसले आहे. पुढली खोली मी भाड्याने द्यायला काढली. कायमच्या भाडेकरूला नाही, बरं का! दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या मेहमानांना. लोक लग्नाचं कापड घ्यायला येतात, कोर्टाच्या तारखेला येतात, नि धर्मशाळेत ढेकणांना रक्त देऊन परत जातात. इकडे आपली खोली नुसती पडून. हे गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तिथं त्यांची खुर्ची आणि धूळ. शिवणाच्या मशिनवर माझं नि शोभाचं भागत नाही, आणि सारखं तुझ्यापुढे हात पसरायची मला लाज वाटते. तू लाज वाटू देत नाहीस, म्हणून जास्तच वाटते.

उखर्डू टांगेवाला लालबागच्या स्टेशनावरून माणसं आणतो. पहिलं जोडपं अकोल्याचं आलं. मी इतकी घाबरले की चहात साखर दोनदा घातली. जाताना ती बाई म्हणाली की माहेरी आल्यासारखं वाटलं. दादा, दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत!

कायदे मात्र कडक केलेत. भाडं आगाऊ. वळकटी ज्याची त्याने आणायची. आणि मधलं दार ओलांडायचं नाही. त्या दाराला सुताराकडून नवी कडी मारून घेतली, माझ्या बाजूने. बापाने शोभासाठी मागे ठेवलं ते हे घरच काय ते. ते मी कुणाच्या हाती जाऊ देणार नाही.

शोभा मजेत. दिवेलागणीला परवचा म्हणते. पाढे झाले की गोत्र, बापाचं नाव, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळं एका दमात. मीच शिकवलं आहे. अकोल्याच्या बाईने दारापलीकडून शाबासकी दिली.

भागाबाईवहिनींना नमस्कार. रागाव हवा तितका, पण लोभात काटकसर करू नकोस.

तुझी मनकर्णा

---

सावदे
२६ एप्रिल १९४९

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

इथले शहाणे मला सांगतात की बहिणीच्या नावामागे आता गं. भा. लिहीत जा. मी लिहिणार नाही. माझ्यासाठी तू मनूच, चिंचा चोरून मलाच मार खायला लावणारी.

रागावलो होतो. रात्री जेवलो नाही, मग तुझ्या वहिनीने भरीत केलं म्हणून जेवलो. तुझं म्हणणं तिला पटलं, म्हणजे घरात बहुमत तुझंच. तेव्हा कर काय करायचं ते. पण ऐक. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आजी म्हणायची. तिसऱ्या दिवशी राहील त्याला टांग्यात बसवायचं. आणि कुणापुढे घरची कहाणी सांगत बसू नकोस. कुणी नुसतं अरेरे म्हटलं की तू चुलीपासून देवघरापर्यंत सगळं त्याच्यापुढे मांडतेस. ही तुझी जन्माची खोड आहे.

कडी लावलीस ते उत्तम केलंस. केळीची कापणी उरकली की येतो आणि स्वतः ओढून बघतो. शोभाला खाऊला तुमच्याकडचा गोड दराबा घे, माझ्या नावाने. माया आहे ती आहेच, लिहून काय वाढायची?

तुझा दादा
वामन

---

बुऱ्हाणपूर
१० जुलै १९४९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा तिसऱ्या दिवसाचा कायदा मोडला आहे, आधीच सांगून टाकते. वसंतराव म्हणून एक गृहस्थ महिनाभर राहिलेत. निजामाच्या मुलखातले. तिकडच्या धामधुमीत घर जळलं, माणसं गेली, ओळखीचं म्हणून कुणी उरलं नाही. इथं पेढीवर कारकुनी मिळते का ते बघतात. वय सदतीस-अडतीस. आवाज इतका हळू की समोर बसूनही कान द्यावा लागतो. भाडं वेळेवर. मधल्या दाराशी आले तर उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहतात, नजर खाली.

एकदा पोहऱ्याची दोरी बदलून दिली, एकदा कौलं चाळली. ह्यांच्या फोटोला हार घालताना त्यांनी विचारलं की मागे भाऊबंद कुणी नाहीत का. आता यात लपवण्यासारखं काय? मी धाकट्या दिरांचं सांगितलं. नाव गोविंद, घरात गोटू. नऊ वर्षांचा पोर तापीच्या घाटावरून बैराग्यांच्या जथ्यामागे निघून गेला, तो परत आला नाही. सासूबाई मरेपर्यंत एक पान जास्त मांडायच्या. ऐकता ऐकता वसंतरावांच्या डोळ्यांना धार लागली. परक्यासाठी इतकं कोण रडतं, दादा?

एकच विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, सासूबाई ते पान कुठल्या बाजूला मांडायच्या. मी सांगितलं. तेव्हापासून ते त्याच बाजूला बसतात.

केळी कापून झाली असतील तर ये ना. बोलायला माणूस नाही. तुझा लोभ आहे म्हणून तर हे सगळं बडबडते.

मनकर्णा

---

सावदे
१८ जुलै १९४९

चि. मनू हिस आशीर्वाद.

जेवताना म्हणजे? वसंतराव जेवतात कुठे? पुढल्या खोलीत पान जातं की हा माणूस तुझ्या स्वयंपाकघरात बसतो? कडी काढल्याशिवाय तिथं कसा आला, ते आधी लिही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे तुला पाळण्यात ऐकवलं होतं!

मी उद्याच निघालो असतो. पण पाटाच्या कडेला घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरने कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलं आहे, दिवाळीपर्यंत उठायचं नाही म्हणतो. ओंडक्यासारखा पडलोय आणि तुझी पत्रं वाचून दात खातोय. त्याला घालव, मनू. कारण सांगू नकोस, भांडू नकोस, खोली हवी आहे म्हण. माझ्या गळ्याची शपथ आहे.

तुझ्या काळजीने अर्धा झालेला,
दादा

---

बुऱ्हाणपूर
२ सप्टेंबर १९४९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय कसा आहे? मी सप्तशृंगीला नारळ बोलले आहे.

वसंतरावांना जा म्हणायला दोनदा गेले आणि दोनदा चहा देऊन परत आले. आणि आता तर सांगताच येत नाही. शेजारच्या धुरपदाबाईंनी नळावर तोंड सुटं सोडलं, की विधवेच्या घरी हा पुरुष कोण म्हणून. अंगाची आग झाली. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की ते ह्यांचे लांबचे चुलतभाऊ आहेत. सगळ्यांची तोंडं बंद झाली. खोटं बोलले खरं, पण दुसरं काय बोलणार होते?

पितृपक्ष आला. ह्यांची तिथी पंचमी. गेल्या वर्षी श्राद्धाला तू बसलास, आता तू खाटेवर. वसंतरावांचं गोत्र नेमकं ह्यांचंच निघालं. आपण होऊन म्हणाले की मी बसतो, त्यांचं अन्न खाल्लं आहे. भटजींची हरकत नाही. गल्लीलाही शंका राहणार नाही. तू हो म्हण, म्हणजे मला धीर येईल.

तुझ्या आशीर्वादावर जगणारी,
मनकर्णा

---

सावदे
९ सप्टेंबर १९४९

मनू,

आशीर्वाद वगैरे समजून घे. तुझं पत्र आज पोचलं. त्याला श्राद्धाला बसवू नकोस. पाया पडतो. आज जो हात पिंड देईल तोच उद्या वाटा मागेल. उद्या कोर्ट पहिलं विचारील की पिंड कुणी दिला. भटजींना शिधा दे, गाईला घास घाल, यंदा तेवढंच. श्रीकांतराव वरून रागावणार नाहीत, मी त्यांना ओळखतो.

दादा

---

बुऱ्हाणपूर
१४ सप्टेंबर १९४९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. श्राद्ध परवाच झालं.

अर्धी गल्ली जेवायला होती. संकल्पाच्या वेळी भटजींनी नातं विचारलं. चुलतभाऊ सांगायचं असं ठरलं होतं. त्याने ह्यांना ज्येष्ठ भ्राता म्हटलं. एरवी ज्याचा आवाज ऐकू येत नाही, तो माणूस मोठ्याने, स्वच्छ बोलला. मग ह्यांचं नाव, मामंजींचं, आजेसासऱ्यांचं. कुठे अडखळणं नाही. आजेसासऱ्यांचं नाव मी त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं. पण श्राद्ध मोडून मध्ये ओरडायचं कसं? आणि ओरडून म्हणायचं काय? नातेवाईक म्हणून मीच तर त्याला उभा केला होता.

कावळा क्षणात शिवला. सगळ्यांनी हात जोडले. धुरपदाबाईंनी लहानपणी गोटूला तेल लावलं होतं. त्या पुढे झाल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कानामागे गोटूची तीच खोक आहे म्हणाल्या आणि गळ्यात पडून रडल्या. त्यांना मोतीबिंदू आहे, दादा, त्यांना माझं तोंड दिसत नाही! तो मान खाली घालून उभा होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गल्लीने काय ते समजून घेतलं. मग तो माझ्या पाया पडला आणि मला वहिनी म्हणाला.

आणि खरं सांगू? घटकाभर मलाही वाटलं की असेल. सासूबाईंचं मांडलेलं पान कुणीतरी जेवलं, असं वाटून मी रडले. रात्री शोभाचा परवचा ऐकताना डोक्यात उजेड पडला. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. रोज संध्याकाळी ती म्हणते आणि पुढल्या खोलीत तो ऐकतो. पोरीने तोंडपाठ केलं तसं त्यानेही केलं.

आता मी काय करू? रागावलास तरी सोडू नकोस मला.

मनकर्णा

---

सावदे
२४ सप्टेंबर १९४९

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. रागवायची वेळ गेली. तुझ्यासारखी साधी माणसं आहेत म्हणून तर असल्यांचं फावतं.

घर सोडून इकडे येऊ नकोस. तू निघालीस की घर त्याचं झालं. शोभाला नजरेआड करू नकोस. दिवाळीआधी प्लॅस्टर निघतं. कुबड्यांवर येईन, पण भाऊबीजेला वकील घेऊन तुझ्या पाटावर बसेन. मग बघू कोण गोटू आणि कोण कोण. तोवर धीर धर आणि मला एकच ओळ लिही, बाकी काही नको. मधल्या दाराची कडी तुझ्याच बाजूला आहे ना?

जीव टांगून बसलेला,
दादा

---

बुऱ्हाणपूर
६ ऑक्टोबर १९४९

रा. रा. वामनराव यांस,
सा. न. वि. वि.

आपलं २४ तारखेचं पत्र पावलं. गं. भा. वहिनींना हल्ली अक्षर नीट दिसत नाही, म्हणून पत्रं मीच वाचून दाखवतो. आपली काळजी पाहून मन भरून आलं.

इकडील सर्व क्षेम. दीर-भावजयीने एकाच घरात वावरणं बरं दिसत नाही, असं गल्लीतल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं. त्यांचा मान राखून वहिनींची व्यवस्था पुढल्या खोलीत केली आहे. हवा चांगली येते. चि. शोभा आत देवघराशेजारी निजते, स्वयंपाकाला मालूबाई ठेवली आहे. मुलीला तेरावं वर्ष लागलं आहे. श्रीकांतदादा नाहीत, तेव्हा कन्यादान मलाच करायचं. एक स्थळ पाहून ठेवलं आहे.

चोराचिलटांचे दिवस, म्हणून मधल्या दाराची कडी आतून घेतली आहे. आपण विचारलं होतं म्हणून कळवतो.

भाऊबीजेस अवश्य यावं. आपली सोय पुढल्या खोलीत होईल. वळकटी बरोबर आणावी. मधलं दार ओलांडू नये, एवढा या घरचा रिवाज आहे, तो वहिनींनीच घातलेला. आपण आप्त, आपल्याकडून भाडं घेणार नाही.

स्नेह जडला आहे, तो आता तुटणे नाही.

आपला
गोविंद

---

पुढली खोली, बुऱ्हाणपूर
९ ऑक्टोबर १९४९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उखर्डू स्टेशनच्या पेटीत टाकील. तो सगळ्यांना काहीही सांगो, माझे डोळे उत्तम आहेत.

दसऱ्याला देवीला गेले होते. परत आले तो माझी वळकटी आणि मशीन इथं मांडलेलं, नि दार आतून बंद. मी दार बडवलं. गल्ली गोळा झाली आणि मलाच समजवायला लागली, की किती देवमाणूस दीर मिळाला, घराला पुरुष आला, पोरीचं लग्न होईल. धुरपदाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पाणी पाजलं. शोभा पहिल्या रात्री आतून रडत होती. आता शाळेला जाताना मालूबाईचा हात धरून माझ्याकडे बघते.

तू कडीचं विचारलंस, ते त्याने मला हसत सांगितलं. मी इथून हलणार नाही. भाड्याच्या खोलीत आलेला माणूस कसा हलत नाही, ते मी त्यालाच पाहून शिकले आहे. रस्त्याकडच्या दाराची किल्ली अजून माझ्या कनवटीला आहे.

काल दिवेलागणीला दाराला कान लावून बसले. शोभा परवचा म्हणत होती. पाढे झाले. गोत्र झालं. बापाचं नाव, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. त्यामागे आता त्याने नवीन शिकवलं आहे, काका गोविंद. तेही म्हणाली, न अडखळता. मग ती थांबली. मी दाराला तशीच चिकटून बसले होते, आता आईचं नाव घेईल म्हणून. बराच वेळ बसले. मग आठवलं, ते मी तिला कधी शिकवलंच नाही.

माया असेल तर लवकर ये.

मनकर्णा