रोमचं खळं अन् सुरेंद्राचा धाबा

ती. शामराव भाऊजी यास,

नेरडीगोंड्याहून चंपतचा रामराम. इकडं सगळे खुशाल. पद्मिनीताईचे गुडघे कसे आहेत? (तेल मीच पाठवलं होतं, तवा आराम असणारच.)

पत्रास कारण की, तुमच्या स्वरानं तिच्या कॉलेजातल्या फ्रान्सच्या मॅडमले आमचं खळं दाखवाले आणलं होतं, त्याची खरी हकीकत तुमाले माह्याकडून कळावी. पोरगी अर्धंच सांगन, बाकीचं हासण्यात जाईन.

तुमाले मालूमच आहे, माहा धाकटा भाऊ सुरेंद्र त्या खळ्यावर धाबा टाकतो म्हून हटून बसला होता. हायवेले लागून जागा, मळणी आता मशीन करते, खळं रिकामं, असं त्याचं म्हणणं. माहं म्हणणं, सुगीत बाप तिथंच निजे, अन् मी त्याच्या घोंगडीत. ते गेलं तर मी बसू कुठं? (घरी टीव्हीसमोर आमची बायको प्रयागबाई बसू देत नाई.) अशात निरोप आला की मॅडम खळ्याच्या शब्दाचाच अभ्यास करून राह्यल्या. म्हटलं, आता सुरेंद्राची खैर नाई!

पण दाखवाले दाणा कुठून आणावा? आमी तर कोबी-वांगेवाले. नार्नूरहून जवारीची कणसं आणली, खळं सारवलं, मधात मेढीचा खांब रोवला, शेजारच्या मारोतीचे बैल मागून आणले. बैल म्हटला की मळणी येतेच, असं मी धरून चाललो. (तुमीही धरलं असतं.) त्या बैलांनी जन्मभर गाडी ओढलेली. मेढीभोवती फिरायचं सोडून मेढ उपटली अन् सरळ कोबीत घुसले. मुसकी बांधायची मी विसरलो नव्हतो, मुद्दामच बांधली नव्हती. शेवटी प्रयागबाईनं कणसं काठीनं झोडपली, तवा कुठं दाणा पडला.

मॅडम मात्र गुणाच्या. खळ्यावर चप्पल चालत नाई म्हटल्याबरोबर बूट काढून आल्या. सारवण ओलंच होतं, पाय हिरवे झाले, तरी तोंडावर हासू. मी पायलीनं जवारी मोजून दाखवली. पहिल्या पायलीले 'एक' म्हणायचं नाई, 'लाभ' म्हणायचं, मंग दोन. सुरेंद्र म्हणे, "दादा, लाभ म्हटल्यानं जवारी वाढते काय?" पाहुणीसमोर! मी दुसरी पायली भरली.

मंग मॅडम बोलल्या, स्वरा मराठीत सांगत गेली. खळ्याले रोमच्या जुन्या लॅटिनमधी आरेआ म्हणत. त्याचंच स्पेनात एरा झालं, पोर्तुगालात एइरा, इटलीत आइया, फ्रान्सात एर. म्हणजे पाहा, रोमचं राज्य बुडालं, खळं राह्यलं! अन् हा गडी ते बुडवाले निघाला. मी असं पाह्यलं त्याच्याकडं की त्यानं मान खाली घातली. तर भाऊजी, खळं वाचलं. डोक्याचं काम होतं, मी केलं.

तुमचा,
चंपतराव

ता. क. एक लिहाचं राह्यलं. निघताना सुरेंद्रानं मॅडमले विचारलं, तुमच्याकडं आता त्या खळ्यायचं काय झालं? मॅडमले खोटं बोलता येत नाई, हाच काय तो दोष. म्हणाल्या, तो शब्द आता आमच्या हायवेच्या पाट्यांवर असते. तिथं ट्रक थांबतात, ड्रायव्हर हातपाय धुतात, चहा घेतात. सुरेंद्र उठून त्यांच्या पाया पडला.

आणखी ता. क. धाब्याले परवानगी मीच देली (कोणी मांगितली नव्हती). अट एकच, मेढ मधात राहीन अन् चपला बाहेर. ड्रायव्हर कुरकुरत बूट काढतात, मंग बाजेवर असे पसरतात की उठता उठत नाईत. मेढीजवळची बाज माही. आता कामाचं. स्वराकडून एक पाटी लिहून पाठवा, मराठीत, तेलुगूत अन् मॅडमच्या भाषेत: चपला बाहेर काढा. सुरेंद्राच्या अक्षराले कोणी भीत नाई.

अन् हे फक्त तुमाले सांगतो. पहिल्या दिवशी पहिला चहा भरताना सुरेंद्र मोठ्यानं 'लाभ' म्हणाला. दुसऱ्याले दोन. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो, ऐकलंच नाई असं दाखवलं. लई बरं वाटलं, भाऊजी.