आपला कायदा येऊ दे, मग बघू

शातो-रिशे, एप्रिलअखेर, १७७५

ती. उर्सुलताईस धाकट्या जेनव्हिएव्हचा पाया पडून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. गाय व्याली, नदीवरचा बर्फ गेला आणि इंग्रज राजाने आपला जुना फ्रेंच कायदा आपल्याला परत दिला. (क्वेबेक जिंकल्यावर आपल्याला पुरतं इंग्रज करून टाकायचं घाटत होतं, ते काही त्यांना जमलं नाही. आपल्या बायका इंग्रजीत भांडणार थोड्याच!) पाद्रीबाबा खूश आहेत, कारण धान्यातला चर्चचा वाटा आता कायद्यानेच मिळणार. ज्यांच्या कोठारातून तो जाणार ते तेवढे खूश नाहीत.

आता माझं ऐक. क्वेबेकच्या लढाईनंतर गावातच राहिलेला तो इंग्रजांच्या फौजेतला स्कॉट शिपाई लॉखलन (आपल्यासारखाच कॅथलिक आहे, तू उगीच नाक मुरडू नकोस) तेव्हापासून मला लग्नाचं विचारतोय. माझं उत्तर ठरलेलं. बाबा रे, इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बायकोचं सगळं नवऱ्याच्या हाती. माझा नवरा अँब्रुआज मागे ठेवून गेला ते घर तुझ्या घशात घालू? आपला कायदा येऊ दे, मग बघू. मला वाटलं, जिंकलेला राजा कशाला देतोय! आणि मेल्याने दिला की गं. (सरकारवर भरवसा ठेवू नये तो असा.)

लगेच हा धुतलेला सदरा घालून दारात हजर. जावं लागलं नोटरीकडे. नोटरी म्हणाला, घर बाईचंच राहील, पुढे दोघं मिळवाल त्यात निम्मं-निम्मं. मी गाईच्या वासरावरून बराच वेळ हुज्जत घातली. तेवढ्यात लॉखलन, जो कधी तोंड उघडत नाही, म्हणतो कसा, "वासरूसुद्धा हिच्याच नावे लिहा. आणि ते घर मला फुकट दिलं तरी नको. दर वर्षी छपरावर मीच चढतो, त्याचा ताप मला ठाऊक आहे."

नोटरी पोट धरून हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यापासून इतकी वर्षं घर राखलं, त्याला ते नकोच होतं! सही न करता तडक घरी आले आणि दाराला कडी घातली. तो रोज अंगणात लाकडं फोडतो, दाराशी रचतो आणि जातो.

घरातल्या थोरांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी जेनव्हिएव्ह

ता. क. घराचं निमित्त होतं, ताई. अँब्रुआजला शिदोरी बांधून लढाईवर पाठवलं आणि परत आला तो नुसता त्याचा कोट. ते पुन्हा सोसायची मला भीती वाटते. सही मी काल केली. कायदा सोमवारी लागू होतोय, लग्न मंगळवारी आहे. तू ये आणि चर्चमध्ये माझा हात धरून बस, नाहीतर मी पुन्हा पळेन.

आणखी एक. गावात इंग्रज राजाविरुद्ध उठलेल्या त्या बोस्टनकरांची पत्रकं आली आहेत. आपला कायदा त्यांना खपत नाही म्हणे, आपल्याला मुक्त करायचं म्हणतात. बंदुका घेऊन येतील अशी बोलवा आहे. लॉखलन म्हणतो, आता कुणासाठीही बंदूक उचलणार नाही. अँब्रुआजही हेच म्हणाला होता. तू रविवारीच ये.