रविवारचे दोन चौकोन

शनि. १० जाने.
स. ४, सं. ३.
तीन दिवस ऊन नाही. आरोग्य केंद्रातून घरी येईतो बोटं वाकेनाशी होतात. लसींच्या फ्रिजचं तापमान आपोआप टिपणारं यंत्र दिवाळीपासून दुरुस्तीला गेलंय. तोवर फ्रिजवरचा चार्ट आणि मी. काटा दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवा, सकाळ-संध्याकाळ बघायचा, सुट्टीच्या दिवशीही. उन्हाळ्यात लाइट जायची तेव्हा बर्फ घेऊन धावलो, एक कुपी वाया गेली नाही. "अब ठंड में काहे की चिंता," शकुंतलादीदी म्हणतात. मुलांना सुया टोचता टोचता त्यांची बावीस वर्षं गेली.
रामसेवक भैयांनी आज नव्या लसी आणून दिल्या. टोपल्यांत लावल्या. कंबर दुखते.

रवि. ११
गेले नाही.

सोम. १२
स. २, सं. ४.
काल सकाळी बूट शोधत होते, तर मनू रजईतून म्हणाली, "आई, संडे आहे ना. सोई रह." पुन्हा आडवी झाले. संध्याकाळीही उठून जाववलं नाही. आजारी नव्हते. कुणी आलं नव्हतं. नुसती…
आज चार्टवर रविवारचे दोन चौकोन रिकामे होते. दोन्हींत ४ लिहिलं. सही केली. काटा २ वर, म्हणजे काठावर. चौकीदार म्हणाला, पहाटे चार तास लाइट नव्हती. फ्रिज बंद असूनही काटा एवढा खाली. थंडीत फ्रिजचं बटण कमी करावं लागतं, ते आज केलं. शनिवारीच करायला हवं होतं.

मंगळ. १३
स. ४, सं. ५. लसीकरण. नऊ बाळं.
रेशमा आली! तीनदा तिच्या घरी जाऊन आले होते. पहिल्या मुलाला लसीनंतर ताप आला, तेव्हापासून सासू नको म्हणते. बाळाला मांडीवर धरून म्हणाली, "दीदी, आपके भरोसे लाई हूँ. कुछ हुआ तो अम्मी मुझे घर में नहीं घुसने देंगी." सुई टोचली तर बाळ कमी रडलं, हीच जास्त. शकुंतलादीदी म्हणाल्या, "ला, तुझे भी लगा दूँ एक." सगळ्या हसलो.
चांगला दिवस.

बुध. १४
स. ४, सं. ४. संक्रांत. छुट्टी, तरी दोन्ही वेळा गेले. चौकीदाराला तिळाच्या वड्या दिल्या.

गुरु. १५
स. ४, सं. ४.
फ्रिज पुसताना टोपलीत ओल लागली. पावडरच्या लसीत मिसळायच्या पाण्याच्या कुपी असतात, त्यातल्या दोन कुपींना केसाएवढा तडा. तशीच उभी राहिले हातात धरून. आतलं पाणी गोठल्याशिवाय काच अशी तडकत नाही. आणि शेजारीच पेंटाच्या, पाच रोगांवरच्या लसीच्या कुपी. ती लस गोठून वितळली तर दिसते तशीच, फक्त उपयोगाची राहत नाही.
मंगळवारी यातूनच दिली. नऊ जणांना.
डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी पेंटाची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवायला ठेवली. उद्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

शुक्र. १६
स. ४, सं. ४.
गोठवलेली वितळू दिली. एका हातात ती, दुसऱ्या हातात टोपलीतली. दोन्ही हलवल्या, टेबलावर ठेवल्या. आम्ही तिघी बघत बसलो. चहा गार झाला. अर्ध्या तासात दोन्हींच्या तळाशी सारखाच पांढरा गाळ, वर स्वच्छ पाणी. म्हणजे टोपलीतलीही गोठून गेलेली.
दीदी लगेच म्हणाल्या, "ऊपर से ही ऐसा आया होगा. इनके चार्ट में तो काँटा दो से नीचे गया ही नहीं."
मॅडम लिहायला लागल्या. शनिवारी लसी आणताना बर्फ थेट कुपींना लागला असावा, रामसेवक यांच्याकडे विचारणा व्हावी. भैयांची नोकरी कच्ची. एवढ्या एका कागदाने जाईल.
म्हटलं, "मैडम, इतवार के दोनों चार मैंने देखकर नहीं लिखे."
पेन थांबलं. मग हळूच, "घर में कोई बीमार था क्या?"
मला वाट करून देत होत्या. हो म्हणायला काय लागलं असतं.
"नहीं मैडम. सोई थी."
दीदी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शनि. १७
स. ४, सं. ४.
मॅडमनी कालचा कागद फाडला. माझं लेखी निवेदन वर गेलं. काय येईल माहीत नाही. नवा साठा सोमवारी, मंगळवारी नऊही बाळांना पुन्हा डोस. दीदी आपणहून चार घरं घेते म्हणाल्या. "पर सच मत बक देना सबके सामने. बोलना, एक डोज़ बाक़ी थी. वरना मुहल्ले से कोई नहीं आएगा." चूक नाही त्यांचं. रेशमाकडे तर मीच…
मनूने जेवताना विचारलं, "तुला निकाल देंगे क्या?" माहीत नाही, म्हटलं. ती जेवायची थांबली. मग म्हणाली, "मी कशाला बोलले, सोई रह." तिला जवळ घेतलं. बूट माझे होते, बाळा. घालायचे मीच होते.

रवि. १८
स. ४. तिथूनच सरळ हजीऱ्याला, रेशमाच्या मोहल्ल्यात.
रेशमाची सासू दारात मटार सोलत बसलेली. रेशमा बाळाला घेऊन बाहेर आली. "फिर से? अभी तो लगवाई थी!"
दीदींचं वाक्य तोंडाशी तयार होतं. म्हटलं, फ्रिज ज़्यादा ठंडा हो गया था, दवा बेकार हो गई. मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं, बच्चे को नुकसान नहीं, पर बचाव भी नहीं.
सासूने पहिल्यांदा वर पाहिलं. "तो किसी ने देखा नहीं?"
"मुझे देखना था. नहीं देखा."
शेंगा फुटायचा आवाज तेवढा चालू. रेशमाने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मंगल को?" विचारलं मला, बघत होती सासूकडे. सासूने पुढची शेंग उचलली. बस म्हणालं नाही कुणी. निघाले.
संध्याकाळी पुन्हा केंद्रात. टॉर्च लावला, वाकून पाहिलं. झाकण बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं.
सं. ४.
चौकोनात लिहिलं. गेल्या रविवारच्या चारसारखाच दिसतो.