पाव ते अर्धा

३ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न. (पुढचं वाचून रागावलास तर नमस्कार परत पाठव.)

तर सांगत काय होते, दोष माझ्या मनगटात नाही, तुझ्या गाडीत आहे. फोनवर तू हसलास आणि ठेवून दिलास, म्हणून लिहून पाठवतेय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

माझ्या खोलीपासून लॅबपर्यंत एक मोठा चढ आहे. तिथे ॲक्सिलरेटरची मूठ पावापर्यंत पिळली तर गाडी गोड चालते. अर्ध्याच्या पुढे गेलं की सुसाटच. पण पाव ते अर्धा या मधल्या पट्ट्यात ती एकदम दम खाते. आवाज येतो, जोर नाही. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटल्यावर मुलं होतात ना, तशी गप्प. याला फ्लॅट स्पॉट म्हणतात. मी मुठीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून बघितलंय, दर वेळी तिथेच. काल एक आजोबा सायकलवरून मला मागे टाकून गेले, आणि वर मागे वळून हात केला.

आणि गाडी दिलीस ती काय अवस्थेत रे! सीटखाली सुतळी, आरशाला चिकटपट्टी, कार्बोरेटरवर कुठलातरी काळाकुट्ट रबरबँड गुंडाळलेला. मोटरसायकल आहे की माळ्यावरचं बोचकं? पहिल्याच दिवशी सगळा कचरा काढून फेकला आणि गाडी लख्ख पुसली. आता कार्बोरेटरमध्ये घालायला मोठ्या भोकाचा मेन जेट मागवलाय, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल. नेटवर सगळे तेच सांगतात.

तुझी अट लक्षात आहे. महिनाअखेरीला तुझे चिरंजीव, म्हणजे आमचा दादा, येणार. त्याच्यासमोर गाडी न अडखळता चढ चढली तर माझी, नाहीतर इंजिन त्याच्या कॅफेत टेबल होणार. वर काच, काचेवर कॉफी. ज्या इंजिनावर तू उभी नोकरी काढलीस, त्याच्यावर लोक बिस्किटांचा चुरा सांडणार! तुला काहीच कसं वाटत नाही?

लोभ आहेच, तो जेटइतका मोठा कर.
तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. कार्बोरेटरबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर बघून आधी वाटलं, प्लगवरची काजळी कागदावर सांडली आहे. इंग्रजी शाळेच्या एवढ्या फिया भरून तुझ्या आईने नेमकं काय मिळवलं, हे तिला एकदा विचारणार आहे.

मेन जेटचं काम मूठ पूर्ण पिळल्यावर. तुझी तक्रार पाव ते अर्ध्याची. म्हणजे काटा रुतलाय पायात आणि तू डोक्याला तेल चोळतेस. नेटवरच्या त्या सगळ्यांना एकदा ओळीने उभं कर, मला बघायचे आहेत. आधी प्लग काढून त्याचा रंग बघ. माझ्या वेळी कायम चॉकलेटी असायचा.

राहिला तुझा तो फ्लॅट स्पॉट. जमिनीच्या मोजणीसाठी मी ही गाडी शेतांतून, टेकड्यांवरून, नदीच्या वाळूतून फिरवली. एकदाही अडखळली नाही. तुझी मामी साक्षीला आहे, ती मागे बसलेली असायची. गाडीला हात कळतो, बाई. तुझा हात तिने अजून ओळखलेला नाही, आणि पट्ट्या चिकटवून ती ओळखणारही नाही.

आमचे चिरंजीव परवा येऊन गेले. इंजिनाची लांबीरुंदी विचारली, काच कापून घ्यायला. गाडी कशी चालते हे विचारलं नाही. मी मापं सांगून टाकली. अट ती अट.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस का. मी म्हटलं, ती पेट्रोल पिऊन राहते.

आशीर्वाद आहेत, अक्कल तुझी तू बघ.
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न. (या वेळचा जरा ताठ मानेने.)

मेन जेट घातला, काही फरक पडला नाही. हे एवढं एक तुझं बरोबर, फ्रेम करून लाव. पुढचं मात्र बसून वाच.

प्लग काढला. चॉकलेटी कसला, खडूसारखा पांढरा. म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी. अशीच दामटली असती तर एक दिवस पिस्टन जाम झाला असता, मग बसायचं काचेखाली. दुसरी गंमत म्हणजे सकाळी इंजिन थंड असताना चोक ओढलेला असतो, तोवर गाडी त्याच चढावर खुशाल पळते. चोक खाली केला की रुसली. चोक काय करतो? हवा अडवतो. म्हणजे जास्तीची हवा कुठूनतरी चोरून येत होती.

लॅबमध्ये आम्ही कवळ्या बनवतो, तिथे डेंटिस्टचा तो लांब दांडीचा छोटा आरसा असतो. तो आणून कार्बोरेटरच्या खाली घातला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला जो जाड रबरी पाइप आहे, त्याच्या पोटाला बारीक रेघ दिसली. काढून हातात वाकवला तर रेघेने बोळक्या तोंडासारखा जबडा उघडला! गाडी स्टँडवर असताना चीर मिटलेली असते, म्हणून कळत नाही. चढावर जोर पडून कार्बोरेटर हलला की ती उघडते.

आणि ही चीर आजची नाही, मामा. आतपर्यंत धूळ मुरली आहे. मग तुझ्या हातात गाडी का अडखळली नाही? तो काळाकुट्ट रबरबँड आठव. तो चोकच्या दांडीवर होता. त्याने चोक कायम अर्धा ओढलेला राहायचा. चीर हवा घ्यायची, चोक हवा अडवायचा, हिशोब बरोबर. गाडीला हातबित काही कळत नव्हता. गाडी रबरबँड चालवत होता, तू नुसता वर बसलेला होतास.

नवा पाइप मागवलाय. दादाला सांग, काचेवर दुसरं काहीतरी ठेव.

लोभ कमी झाला असेल तर चोक ओढ.
भाची


२० फेब्रुवारी

चि. बाळ,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मामा गॅलरीत जाऊन बसलाय. पोरीने सगळं रचून लिहिलंय, म्हणतो. चहा मात्र दोनदा मागितला, तेव्हा काळजी नको.

आता तुला म्हणून सांगते. तो रबरबँड मी लावला होता. मागे बसलं की ती दांडी टकटक टकटक करायची, डोकं उठायचं. भाजीच्या जुडीचा एक रबरबँड गुंडाळून टाकला, आवाज बंद. तुटला की दुसरा लावायचे. यांना कधी दिसलासुद्धा नाही. त्या आधी गाडी चढावर खोकायची, हे मला चांगलं आठवतंय. नंतर थांबली, आणि तेव्हापासून मी गाडीला हात कळतो यावरची भाषणं ऐकतेय. हवा आणि पेट्रोलचं मला काय माहीत गं? मला नुसती टकटक नको होती.

यांना हे सांगू नकोस. या वयात एवढा एक हातच उरलाय त्यांचा.

गाडी तूच घे. त्या कॅफेत टेबलं भरपूर आहेत, गिऱ्हाइकं नाहीत.

जेवत जा. अंगावर मूठभर मांस असू दे.
मामी


१ मार्च

ती. मामी,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये एवढी हसले की कोणाच्यातरी कवळीचा एक दात वाकडा बसला.

पण आता रडायची वेळ आली आहे. काल दादा आला, पांढरे बूट घालून, खिशात मोजपट्टी. नवा पाइप बसवलेला होता. मी त्याच्यासमोर चढ चढले. पाव, अर्धा, पुढे, कुठे एक उचकी नाही. त्याला वाटलं मी काहीतरी चलाखी केली, म्हणून म्हणाला, मी स्वतः चालवून बघतो. गेला तो गेलाच. परत आला तेव्हा केस उभे, बूट काळे आणि चेहरा सहावीतल्या पोरासारखा. गाडीवरून उतरेचना! टेबल रद्द, म्हणाला. वडिलांची गाडी मुलाकडेच हवी, म्हणाला. वारसा हा शब्द त्याने तीन वेळा वापरला. ज्या माणसाने आजवर गाडीची फक्त लांबीरुंदी विचारली!

तिथूनच त्याने मामाला फोन लावला. आणि मामाने काय निकाल दिला असेल? रविवारी मी स्वतः येतो, दोघं माझ्यासमोर चढ चढा, गाडी ज्याचा हात ओळखेल त्याची. अट ती अट म्हणणारा हाच का गं तो माणूस?

आता नीट ऐक. तो फाटका पाइप मी टाकलेला नाही, खणात आहे. रविवारी सकाळी तो परत बसवायचा, रबरबँड न लावता. पहिला मान मोठ्या भावाचा. तो चढावर मध्येच दम खाणार, पांढऱ्या बुटांसकट. गाडी त्याच्या मनातून उतरायला तेवढं पुरे. मग माझी पाळी. बसता बसता चोकच्या दांडीवर रबरबँड गुंडाळायचा आणि सरळ वर. मामाच्या डोळ्यांदेखत गाडी माझा हात ओळखेल. मला गाडी मिळेल, आणि मामाला त्याचं भाषण परत मिळेल, आधीपेक्षा लांब. दुसऱ्या दिवशी नवा पाइप बसवून टाकीन, इंजिनाला काही होणार नाही.

रबरबँड तुझ्याच हातचा हवा, पाकिटात घालून पाठव. लोभ त्याच्याइतका ताणला तरी तुटू देऊ नकोस.

पण खरं सांग, यात मी कोणाला फसवतेय का गं? का जे इतकी वर्षं तू करत आलीस, तेच मी एक दिवस करणार? तुला काय वाटतं?

तुझी,
भाची