भट्टीतला हात

कनेक्टिकट,
१९ ऑक्टोबर

प्रिय हॅरिएट ताई,

सफरचंदांची पेटी पोचली. निम्मी डोरीननेच फस्त केली, वर म्हणते, "बहिणीला सांग, यंदा जरा आंबट निघाली." फुकटचं खाऊन नावं ठेवायची तिची जुनीच खोड. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की नाही? अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस. मांडीवर कागद ठेवून लिहितेय.

आमच्या थॅचर हाऊस संग्रहालयात सध्या शाळांच्या सहलींची झुंबड आहे. डोरीन माडीवर चरखा चालवते आणि मी खाली टोपी, लोकरीचा घागरा घालून चुलीपाशी, इंग्रज राजाच्या अमलातली गृहिणी बनून. इतकी वर्षं झाली की घरच्या गॅसपेक्षा मला ही चूलच हातची वाटते.

मंगळवारी ब्रेड जळला. पार कोळसा. तू आणि ब्रेड जाळलास, असंच सगळे म्हणाले. मी सांगितलं, लाकडं ओली होती. आता ओल्या लाकडांनी ब्रेड कच्चा राहतो, जळत नाही, हे काय डोरीनला कळत नाही होय?

तुला खरं सांगते. फोनवर तू आवाजावरूनच ओळखलं असतंस, म्हणून तुझे फोन उचलले नाहीत.

विटांची भट्टी तापली का, हे बघायला मी उघडा हात आत धरते, तू पाहिलं आहेस. मुलं मोठ्याने आकडे म्हणतात, आणि चटका सोसवेना की मी हात काढते. दहाच्या आसपास काढावा लागला तर भट्टी ब्रेडजोगी झाली. मुलांना हा खेळ फार आवडतो. मंगळवारी दहा झाले, पंधरा झाले, मला काहीच वाटेना. म्हटलं, भट्टी गारच आहे. आणखी लाकडं घातली, ती जळल्यावर निखारे ओढून काढले आणि पुन्हा हात धरला. मुलं मोजत सुटली. पुढे उभी असलेली एक पोरगी मधेच गप्प झाली.

"बाई, तुमचा हात लाल झालाय," ती म्हणाली. "दुखत नाही का?"

ताई, दुखत नव्हतं. केस जळल्याचा वास येत होता, आणि तो माझ्याच हाताचा आहे हे मला त्या पोरीमुळे कळलं. मी हात अ‍ॅप्रनखाली लपवला, "सवय आहे गं मला," म्हणाले आणि त्या रसरसत्या भट्टीत ब्रेड सारला.

संध्याकाळी डोरीनने मलमपट्टी केली.

"डॉक्टरकडे जा."

"थोडंसं भाजलंय. बरं होईल."

"भाजल्याचं नाही म्हणत मी, लोइस."

आईचं असंच सुरू झालं होतं. कढत पाण्यात हात घालून भांडी घासायची, आणि आपण कौतुकाने म्हणायचो, आईचे हात लोखंडाचे आहेत. मग कप निसटायला लागले. पुढचं सगळं तू केलंस. तिला भरवलंस, कूस बदललीस, गुडघे त्यातच गेले तुझे. मला फार भीती वाटते गं. आजाराची वाटतेच, पण हे पुन्हा तुझ्याच गळ्यात पडेल, याची जास्त वाटते. रोज सकाळी टाचणी टोचून बघते. आधी बोटांना कळत होतं. आता त्यांनाही कळत नाही.

डॉक्टरांची वेळ घेतली आणि रद्द केली, असं दोनदा झालं. आता पुढच्या गुरुवारची आहे. एकटी गेले तर दारातूनच माघारी येईन, मला माहीत आहे. तू येशील का? दुखऱ्या गुडघ्याने बसमध्ये चढायला लावतेय तुला, लाज वाटते, तरी विचारतेय.

आणि मांडीवर कागद ठेवून लिहितेय म्हटलं, ते खरं नाही. टेबलाशीच बसलेय. उजव्या हातात पेन राहत नाही.

डाव्या हाताने,
तुझीच
लोइस